अकरा महिने संपले, भाडेकरू उठेना : मालकाने काय करावं, काय टाळावं

बेळगाव : मे-जून आला की शाळा-कॉलेजच्या प्रवेशांबरोबर भाड्याच्या घरांचीही अदलाबदल सुरू होते. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, वडगाव भागात याच दिवसांत दोन तक्रारी ठरलेल्या असतात. मालक म्हणतो, ‘मुदत संपली, तरी सोडतो-सोडतो म्हणत बसलाय.’ भाडेकरू म्हणतो, ‘घर सोडलं, पण डिपॉझिट काही देईनात.’ बरेचदा घर वडिलोपार्जित असतं आणि मालक पुण्यात, कोल्हापुरात किंवा मुंबईत. मालक निवृत्त असेल तर त्या भाड्यावर औषधपाणी चालतं, आणि भाडेकरूच्या मुलांची शाळा त्याच गल्लीत असते. त्यामुळे वाद पैशापुरता राहत नाही. मात्र यातले बरेच वाद कागद नीट नसल्यामुळे आणि नको त्या वेळी केलेल्या घाईमुळे चिघळतात.

कायदा घराच्या गावचा

मालक कुठेही राहत असो, घर ज्या राज्यात आहे तिथलाच कायदा लागू होतो आणि ताब्याचा दावाही तिथल्याच न्यायालयात चालतो. पुण्यातल्या फ्लॅटसाठी केलेल्या कराराचा नमुना बेळगावच्या घराला जसाच्या तसा वापरणं ही नेहमीची चूक.

महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट पुरावा येईपर्यंत, खरं धरलं जातं. राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लायसन्सची मुदत संपूनही ताबा सोडला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

कर्नाटकात ही वाट नाही. इथे कर्नाटक भाडे कायदा, १९९९ आहे, पण भागानुसार महिना ३,५०० किंवा २,००० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या जागा त्यातून वगळल्या आहेत. १४ चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानंही वगळली आहेत. म्हणजे आजच्या भाड्याने दिलेली बहुतेक घरं या कायद्याबाहेर पडतात आणि त्यांना मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ लागतो. गोव्यात १९६८ चा इमारत भाडे नियंत्रण कायदा आहे, तर इंदूर-ग्वाल्हेरकडे मध्य प्रदेशचा १९६१ चा. तिथल्या वाचकांनी वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा : माझ्या घराला नेमका कोणता कायदा लागतो?

अकरा महिनेच का?

नोंदणी कायदा, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा किंवा वर्षावर्षाने चालणारा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. नोंदणी टाळण्यासाठी ११ महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात ११ महिन्यांच्या करारालाही नोंदणी चुकत नाही, हे लक्षात ठेवावं. कर्नाटकात तीन वर्षांचा करार साध्या मुद्रांक कागदावर करून ठेवला, तर तो तीन वर्षांच्या मुदतीचा पुरावा म्हणून कोर्टात उभा राहत नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. टायपिस्टकडे कन्नड किंवा इंग्रजीत तयार नमुना असतो आणि दोन्ही बाजू न वाचता सही ठोकतात. सहीआधी करार मराठीत समजून घ्यावा. मुदत, भाडेवाढ, डिपॉझिट, नोटिशीचा कालावधी आणि रंगाचा खर्च या पाच गोष्टी तरी शब्दशः विचाराव्यात.

नूतनीकरण : गप्प राहणं महागात पडतं

ठरावीक मुदतीचा करार मुदत संपली की आपोआप संपतो. पण त्यानंतरही मालक काही न बोलता भाडं घेत राहिला, तर कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे राहण्याच्या घराची भाडेदारी महिन्या-महिन्याने पुढे चालू झाली असं धरलं जातं. म्हणजे ‘करार संपलाय, आजच निघा’ हे म्हणण्याचा हक्क मालकाने स्वतःच सोडलेला असतो.

आता भाडं फोनवरून थेट खात्यात येतं. मालकाच्या लक्षातही येत नाही आणि सहा महिने निघून जातात. घर परत हवं असेल तर पैसे जमा होताच लेखी कळवावं, की ही रक्कम जागेच्या वापराची भरपाई म्हणून हक्क राखून घेतली आहे, नवी भाडेदारी मान्य नाही.

सोपा उपाय म्हणजे मुदत संपायच्या दोन महिने आधी लेखी विचारणा : राहणार असाल तर भाडं एवढं, नसेल तर या तारखेला ताबा. व्हॉट्सअॅपवर विचारलं तरी पुढे रजिस्टर पोस्टाने पत्र टाकावं. भाडेवाढ आधीच करारात लिहिलेली असेल तर वादाला जागाच उरत नाही.

नोटीस कशी द्यावी

करारात वेगळं काही ठरलं नसेल तर कलम १०६ नुसार महिन्याने चालणाऱ्या भाडेदारीला १५ दिवसांची नोटीस लागते. उद्यमबागसारख्या भागात कारखान्यासाठी जागा दिली असेल तर हाच कालावधी सहा महिने धरला जातो. नोटीस लेखी आणि सहीची असावी. पोस्टाने पाठवता येते, हातोहात देता येते, आणि भाडेकरू घेतच नसेल तर जागेवर ठळक ठिकाणी चिकटवताही येते. नोटिशीत दिवस थोडे कमी पडले तरी, दावा पुरे दिवस उलटल्यावर दाखल केला असेल, तर तेवढ्या कारणाने नोटीस बाद होत नाही. कायद्यात ही दुरुस्ती झालेली आहे.

थकलेल्या भाड्याचा दावा रक्कम देणं झाल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. भीड म्हणून चार-पाच वर्षं थांबलेल्या मालकाचं जुनं भाडं बुडतं.

कुलूप, मीटर, पाणी : हात लावू नये

भाडेकरू बाहेर गेल्यावर कुलूप बदलणं, हेस्कॉमचं कनेक्शन तोडायला लावणं, पाण्याची तोटी बंद करणं, सामान अंगणात काढणं, हे सगळं मालकाच्याच अंगलट येतं. मुदत संपलेल्या भाडेकरूलाही कायद्याच्या मार्गानेच उठवावं लागतं. जबरदस्तीने ताबा घेतल्यास विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली भाडेकरू सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हे बघितलंच जात नाही. पोलिसही बहुधा ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवतात.

भाडेकरू कुलूप लावून गायब झाला असला तरी कुलूप स्वतः फोडू नये. आत सोनं होतं, असा आरोप आला तर निस्तरणं कठीण. नोटीस देऊन कोर्टामार्फतच ताबा घ्यावा.

घर सोडताना

डिपॉझिटचे वाद बहुतेक रंग, टाइल्स आणि वीजबिलावरून होतात. कायदा सांगतो की जागा घेतली तशी परत करावी, मात्र रोजच्या वापराने होणारी साधी झीज त्यातून वगळली आहे. भिंतीचा रंग फिका पडला ही झीज, दार मोडलं हे नुकसान.

म्हणून ताबा देताना आणि घेताना दोघांनी मिळून घर बघावं, खोल्यांचे आणि मीटरचे फोटो काढावेत, वस्तूंची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. निघताना चावी दिल्याची पोच लिहून घ्यावी. चावी दिली की नाही यावरच पुढच्या महिन्याच्या भाड्याचं भांडण होतं. मालकाने कपात केली तर बिलासह हिशोब द्यावा. ‘शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा’ असं भाडेकरू म्हणत असेल, तर ते लेखी झाल्याशिवाय कोणी गृहीत धरू नये.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट सांगितलं आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय त्याचा आधार घेता येत नाही.

बारा वर्षांची भीती

‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ हे गावोगावी ऐकू येतं. ते तसं नाही. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, आणि भाडेदारी चालू असताना मालकाची मालकी नाकारता येत नाही. मात्र भाडेदारी संपवल्यानंतर ताब्याचा दावा १२ वर्षांच्या आत लावावा लागतो. नोटीस देऊन स्वस्थ बसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. घर भावा-बहिणींत सामाईक असेल तर इतरांचा विरोध नसताना एका हिस्सेदारालाही दावा लावता येतो. परगावी राहणाऱ्याने विश्वासातल्या माणसाला रीतसर मुखत्यारपत्र द्यावं.

कोर्टाआधीची पायरी

ताब्याचा दावा वर्षानुवर्षं चालू शकतो. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्न करता येतो. तिथे कोर्ट फी नाही, झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्याइतकीच पक्की, आणि त्यावर अपील नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाच्या लोकांना प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळतो.

मुलांचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत, त्या बदल्यात थकबाकी हप्त्याने आणि ताब्याची तारीख लेखी, अशी तडजोड दोघांनाही परवडते. कोर्टात तीन वर्षं घालवून मिळणाऱ्या निकालापेक्षा तीन महिन्यांनी हातात आलेली चावी मालकाला जास्त कामाची असते.