पत्त्याचा रकाना

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत कापड बाजारात पाय ठेवायला जागा नसते. घरबसल्या मागवलेली पार्सलंही याच दिवसांत वाढतात. इफ्तारला पाच-दहा मिनिटं उरलेली असताना फोन वाजतो, "सर, नेमकं कुठं यायचं?" विचारणारा मुलगाही अनेकदा रोजेदारच असतो. पत्ता तर आपण पूर्ण भरलेला असतो. मग घोडं अडतं कुठं?

अडतं ते रकान्यांत. खरेदीच्या बहुतेक संकेतस्थळांवर पत्त्याची चौकट तीच आहे: घर क्रमांक, रस्ता, शहर, राज्य. सरळ रस्ते आणि ओळीनं क्रमांक असलेल्या शहरांना ती शोभते. आपल्याकडे पत्ता लिहीत नाहीत, सांगतात. माळीवाडा वेशीतून आत, विशाल गणपतीजवळच्या गल्लीत, तिथं कुणालाही विचारा. हे 'कुणालाही विचारा' कोणत्या रकान्यात भरायचं? खुणेसाठी जागा असलीच तर ती शेवटी आणि ऐच्छिक. खरं तर आपल्या गावांत खूण हाच पत्ता असतो. (उर्दूत 'पता' म्हणजे ठावठिकाणा आणि 'पता होना' म्हणजे ठाऊक असणं. मोहल्ल्यात ही दोन कामं वेगळी नसतातच.)

हा घोळ टपाल खात्यानं फार पूर्वी ओळखला होता. सारख्या नावांची गावं आणि वेगवेगळ्या भाषांतले पत्ते यांतून वाट काढण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी असलेला हा मराठी माणूस. आपल्या नगर तालुक्यातच पाहा ना: पिंपळगाव माळवी, पिंपळगाव वाघा, पिंपळगाव लांडगा, पिंपळगाव कौडा. नुसतं 'पिंपळगाव' लिहिणाऱ्याचं पार्सल कुठंही फिरू शकतं.

म्हणून चौकट बदलायची तर पिन आधी विचारावा. काही संकेतस्थळं तसं करूही लागली आहेत. पिनवरून जिल्हा आपोआप भरला गेला की यादीत अहमदनगर शोधायचं की अहिल्यानगर, हा प्रश्नच उरत नाही. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, ४१४००१ तेच राहिलं. पण पिनवर थांबून भागणार नाही. देशात सुमारे १९ हजार पिन आहेत आणि टपाल कार्यालयं दीड लाखांहून जास्त. एका पिनखाली कितीतरी गावं, वाड्या, वस्त्या येतात. त्यांची यादी समोर यावी, बोट ठेवून निवडता यावी. त्याखाली खुणेसाठी ऐसपैस जागा हवी, मराठीत किंवा उर्दूत लिहिता येईल अशी. फोन कोणत्या वेळेत करू नये, तेही सांगता यावं. इफ्तारची वेळ असो, दवाखान्यातली ड्युटी असो की दुपारची झोप, हा रकाना सगळ्यांच्याच कामाचा.

टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये 'डिजिपिन'ही आणला. दहा अक्षर-अंकांत सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन नेमका सापडतो. वस्तीवरच्या घराला क्रमांक नसला तरी चालतं. खरेदीच्या संकेतस्थळांनी त्याला जागा द्यायला हरकत नसावी.

तोवर आपल्या हातात एवढंच: पहिल्याच ओळीत खूण लिहायची, दुसरीत गल्ली आणि घराचं नाव. घर क्रमांक नंतर. आणि ऐन इफ्तारला तो मुलगा दारात पोचलाच, तर पार्सल घेताना दोन खजूर त्याच्या हातावर ठेवायचे.