काठीखालून गेलेली पस्तीस वर्षं

जीपच्या पुढच्या बंपरला उभा बांधलेला वाळका बांबू, त्यावर फुटाफुटाला तांबड्या रेघा आणि टोकाला चिंधी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी या धंद्यात आलो तेव्हा माझ्या हाती दिलेलं हत्यार हे एवढंच. कामाचं नाव मात्र भारदस्त होतं, 'रूट सर्व्हे'. बोटीतून उतरणारं यंत्र ट्रेलरवर चढल्यावर किती उंच होईल ते काढायचं, त्यात अर्धा फूट मिळवायचा, त्या मापाला चिंधी बांधायची आणि बंदरापासून साइटपर्यंत जीप सावकाश हाकायची. फांदी, फोनची तार, पुलाचं पोट, जिथे चिंधी अडेल तिथे उतरून वहीत नोंद. विजेची तार दिसली की मात्र जीप आधीच उभी करायची. दवाने ओला झालेला बांबू कोणाची गय करत नाही.

कायद्याच्या मापात न बसणाऱ्या मालाला आमच्याकडे 'ओडीसी' म्हणतात. साध्या ट्रकला आज २.६ मीटर रुंदीची मुभा आहे. क्रॉलर क्रेनचा सांगाडा, धरणावरचा अजस्र डंपर किंवा बोगदा खोदणाऱ्या यंत्राचा तुकडा या मापाला जुमानत नाही. मग परवानग्या, पुढे-मागे पायलट गाडी, लाल झेंडे, आणि चालत्या माणसाच्या जरा पुढे जाईल असा वेग.

अडचण चाकाखाली

तेव्हा अवजड यंत्रं मुख्यतः मुंबईच्या इंदिरा गोदीत उतरत. १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक म्हणून सुरू झालेली ही गोदी. मोठा नग जहाजाच्याच क्रेनने उचलून थेट ट्रेलरवर ठेवायचा. समोर खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर १९८९मध्ये सुरू झालं होतं, पण ते कंटेनरचं. तिथे आमच्या वाट्याला यायची ती फ्लॅट रॅकवर, म्हणजे बाजूच्या भिंती आणि छप्पर नसलेल्या कंटेनरवर, बांधून आलेली यंत्रं.

गोदीतून बाहेर पडलं की पी. डि'मेलो रोड, मग शहर ओलांडून ठाण्याची खाडी. खाडीवरचा पूल १९७३चा. त्याच्या जोडीला दुसरा पूल १९९७ साली आला, तोवर पुणे-सोलापूरकडचा बहुतेक माल या एकाच पुलाच्या जिवावर होता. पुढे पनवेल, खोपोली आणि बोरघाट.

ट्रेलर होते पाट्यांचे. खाली लोखंडी पाटे, त्यावर नग. खड्डा आला की सगळं वजन एका बाजूच्या चाकांवर जायचं. त्यामुळे आमची खरी धास्ती असे ती पुलांची आणि मोऱ्यांची. इंग्रजांच्या काळातल्या दगडी मोरीवर सत्तर टन न्यायचे की नाही, हे सांगणारा कागद सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कार्यालयातून मिळवायचा. तो नाही मिळाला, तर मोरीच्या बाजूने ओढ्यात सिमेंटचे पाइप टाकायचे, वर मुरूम पसरून रोलर फिरवायचा आणि स्वतःपुरता रस्ता करून पुढे जायचं. मोठी नदी असेल तर कोरड्या पात्रातून. म्हणून आमचं पंचांगच वेगळं होतं: दसऱ्याला निघायचं आणि मृगाच्या आत पोचायचं. मधे वळवाने गाठलं आणि साइडपट्टीच्या काळ्या मातीत चाक गेलं, की तिथेच मुक्काम.

याच काळात यंत्रांनी आपल्या भाषेतही जागा पटकावली. पोकलेन ही फ्रान्समधली कंपनी. तिच्या परवान्याने लार्सन अँड टुब्रोने इथे उत्खनन यंत्रं बनवली आणि पुढे कुठल्याही कंपनीचं तसं यंत्र 'पोकलेन' झालं. तेच जेसीबीचं, तेच 'हायड्रा' क्रेनचं. आमच्या कागदांवर जपानी, जर्मन, कोरियन नावं असत. गावात शिरलो की पोरं ओरडत, "पोकलेन आलं!"

माझी एक चूक याच काळातली. मराठवाड्यातल्या एका साइटवर खडी क्रशरचा सांगाडा जायचा होता. मी जानेवारीत भल्या पहाटे रस्ता मोजला. चिंधी तारेखालून चार बोटं मोकळी गेली. वहीत लिहिलं, 'वाट मोकळी'. माल कस्टममध्ये अडकला आणि ट्रेलर तिथे पोचला तो मे महिन्यात, भर दुपारी. ट्रेलर हाकणाऱ्या उस्तादाने गाडी थांबवली आणि मला खाली बोलावलं. "भाऊ, तुमची तार खाली आली." खरंच आली होती. उन्हाने धातू लांबतो आणि तारेचा झोळ वाढतो, हे शाळेत शिकलो होतो. वहीत मात्र तारीख होती, तापमान नव्हतं. वायरमन म्हणाला, "संध्याकाळशिवाय लाइन बंद मिळायची नाही, गिरणी चालू आहे." मग सगळ्या टायरची थोडी थोडी हवा काढली, दोन बोटं मिळवली आणि सूर्य कलेपर्यंत वाट पाहिली. त्यानंतर माझ्या नोंदीत वेळ आणि ऊन हे दोन रकाने कायमचे आले.

आठ चाकांची रेघ

चाकाखालची अडचण सुटली ती हायड्रॉलिक अ‍ॅक्सलमुळे. हे ट्रेलर पूर्वीही होते, पण मोजक्या बड्या वाहतूकदारांकडे. रस्त्यांची आणि वीजकेंद्रांची कामं वाढली तशी गोल्डहोफर, शॉयर्ले, निकोलस ही नावं कळंबोलीच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागली. पुढे ओढायला १९९८पासून व्होल्वो आली. त्याआधी जुन्या 'पुलर'चं इंजिन घाटात तापलं की बोनेट उघडून तास तास बसावं लागे.

या ट्रेलरची गंमत हिशेबात आहे. ९६ टनांचा नग घ्या. तो बारा अ‍ॅक्सलच्या ट्रेलरवर ठेवला. अशा एका अ‍ॅक्सलचं स्वतःचं वजन साधारण चार टन, म्हणजे एकूण १४४ टन. प्रत्येक अ‍ॅक्सलवर आले बारा टन आणि त्याला चाकं आठ. एका चाकावर दीड टन. सगळे अ‍ॅक्सल तेलाच्या नळ्यांनी जोडलेले असल्यामुळे खड्डा आला तर एक चाक खाली उतरतं, दुसरं वर येतं, पण भार सगळ्यांवर सारखाच राहतो. आता साध्या ट्रकचं मागचं चार चाकांचं अ‍ॅक्सल पाहा. त्याला पूर्वी १०.२ टनांची मर्यादा होती, २०१८मध्ये ती ११.५ टन झाली. जुन्या मर्यादेनेही एका चाकावर अडीच टन. म्हणजे ज्याला पाहून लोक रस्त्याची काळजी करतात तो राक्षस चाकामागे उसाच्या ट्रकपेक्षा हलका पडतो.

पण हे झालं डांबराचं. पुलाला चाकं मोजता येत नाहीत. गाळ्यावर एका वेळी किती टन उभे आहेत, एवढंच त्याला कळतं. म्हणून लांब ट्रेलर पुलावर एकटाच, मधोमध, न थांबता, ब्रेक न लावता न्यायचा, हा नियम आजही आहे. घाटात एक पुलर पुढे आणि एक मागे. मागचा चढावर ढकलतो, उतारावर धरून ठेवतो. ट्रेलरच्या शेपटीशी स्टेअरिंगवाला पायी चालतो आणि वळणावर मागची चाकं वेगळी वळवतो. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या काटकोनात चाळीस मीटरची गाडी कशी वळते, ते बघायला आठवडी बाजार निम्मा रिकामा होई.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण झाला, चौपदरी रस्ते आले, पूल रुंद झाले. तरी जुनं ओझं संपलं नव्हतं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजी काळातला पूल पुरात वाहून गेला, त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसं. तो पूल आमच्या वाहनाने पडला नव्हता. तरी त्या पावसाळ्यात आमच्यातला प्रत्येक जण आपण आजवर कुठल्या कुठल्या पुलांवरून काय काय नेलं, याची मनात उजळणी करत होता. नवा पूल २०१७च्या जूनमध्ये सुरू झाला.

अडचण डोक्यावर

पूल भक्कम होत गेले, तशी आमची अडचण चाकाखालून निघाली आणि हळूहळू डोक्यावर चढली.

ज्या पी. डि'मेलो रोडने आम्ही मोकळ्या आभाळाखाली निघायचो, त्याच्या वर २०१३मध्ये पूर्व मुक्त मार्ग आला. मग ठिकठिकाणी पादचारी पूल, टोलनाक्यांची छतं, दिशादर्शक कमानी, मेट्रोचे खांब आणि त्यांच्यावरचे गाळे. महामार्गावरच्या पुलाखाली साडेपाच मीटर मोकळे ठेवायचे, असं मानक आहे. पण खालच्या रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो. पूल तिथेच राहतो, रस्ता वर येतो आणि पाटीवरचा आकडा जुनाच असतो. पाटीवर विश्वास ठेवू नये, काठीवर ठेवावा, हे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगत आलो.

डोक्यावरचा सगळ्यात जुना अडथळा लोणावळ्याजवळचा अमृतांजन पूल. १८३०च्या सुमाराचा, बाटलीतल्या मलमाच्या जाहिरातीवरून ओळखला जाणारा. दगडी कमानीखालून द्रुतगती मार्ग अंग चोरून जायचा. एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीत रस्ता ओस असताना तो सुरुंग लावून पाडला. इतिहासप्रेमींना वाईट वाटलं, आणि ते बरोबरच होतं. मला मात्र, खरं सांगतो, आधी कमानीची उंची आठवली.

शहराच्या पोटात तर हा खेळ आणखी अवघड. मुंबईच्या मेट्रो-३साठी १७ बोगदा यंत्रं लागली. ३३.५ किलोमीटरच्या त्या भुयारासाठी एकेका यंत्राचे सुटे भाग रात्रीच्या रात्री विवरांपर्यंत न्यावे लागले. सागरी किनारा रस्त्याच्या 'मावळा' या चिनी यंत्राचा व्यास १२.१९ मीटर. चार मजली घराएवढं चाक कुठल्या रस्त्याने न्यायचं? उत्तर सोपं: न्यायचंच नाही. कारखान्यात जोडून पाहायचं, सोडवायचं, तुकड्यांनी आणायचं आणि विवरात पुन्हा जोडायचं. तुकडा कुठे पाडायचा हे यंत्राच्या आराखड्यातच ठरतं, आणि ते ठरवताना वाटेतल्या रस्त्याची मापंही विचारात घ्यावी लागतात.

दुसरा बदल उलट्या दिशेचा. जेसीबी तळेगावला, ह्युंदाई आणि सॅनी चाकणला यंत्रं बनवू लागल्या. पूर्वी ज्या जातीची यंत्रं आम्ही बंदरातून घाटावर चढवायचो, त्याच जातीची आता घाट उतरून निर्यातीसाठी बंदराकडे निघालेली दिसतात. आयातीत उरलं ते खरोखरच अवघड, अगडबंब तेवढं.

परवानगीचे अर्ज ऑनलाइन गेले. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२पासून टप्प्याटप्प्याने खुला होत जून २०२५मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला. तरी वाटेचा हट्ट संपलेला नाही. जुलै २०१९मध्ये महाराष्ट्रातून निघालेलं विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचं ऑटोक्लेव्ह तिरुवनंतपुरमला पोचलं ते जुलै २०२०मध्ये. मधे टाळेबंदी होती हे खरं, पण उरलेला वेळ खाल्ला तो तारांनी, झाडांनी आणि अरुंद रस्त्यांनी.

मशीनची वाट

या धंद्यातली एक विसंगती मला कायम वाटत आली. रस्ता करणारं यंत्र जाताना रस्त्यावाचून अडतं. ते साइटवर पोचतं ते सगळ्यात वाईट वाटेने, आणि काम संपवून परत निघतं ते स्वतःच केलेल्या गुळगुळीत रस्त्याने. तोवर आमची जीप पुढच्या वाईट वाटेवर असते.

सुरुवातीच्या वर्षांत एका दगडी मोरीला बगल देताना आम्ही एका शेतकऱ्याच्या बांधावरून मुरूम टाकला होता. ज्वारीची भरपाई दिली आणि यंत्र गेल्यावर ओढ्यातले पाइप उचलायला माणसं पाठवली. तो म्हणाला, "पाइप राहू द्या. पावसाळ्यात पोरांना शाळेत जायला होतील." राहू दिले.

दोन वर्षांपूर्वी त्या बाजूला गेलो होतो. महामार्ग चौपदरी झालाय, दगडी मोरी गेली, तिथे सिमेंटची आली. गाडी थांबवून टपरीवर चहा घेतला आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीचा रस्ता विचारला. टपरीवाल्याने हात केला, "हे काय, मशीनच्या वाटेनं जा की."

कुठलं मशीन, ते त्याला सांगता आलं नाही.