हस्तिदंतावरची बेगम

एकोणिसाव्या शतकात दिल्लीचे चितारी मुमताजमहल आणि नूरजहाँ यांची तळहातात मावणारी चित्रे हस्तिदंतावर रंगवून प्रवाशांना विकत. मुमताजमहलला जाऊन तेव्हा सुमारे दोनशे वर्षे झाली होती, त्यामुळे चेहरे कल्पनेतलेच. तरी त्या चेहऱ्यांवरचा उजेड खरा वाटतो. तो येतो कसा, ते पाहू.

प्रथम सुळ्याचा पातळ पापुद्रा कापत. त्याची जाडी बहुधा एक मिलिमीटरहूनही कमी. उजेडासमोर धरला की त्यातून प्रकाश झिरपतो.

हस्तिदंत तेलकट आणि गुळगुळीत असतो. त्यावर पाणरंगाचे नुसते थेंब होतात. म्हणून तो उन्हात ठेवून पांढरा करत, मग प्यूमिसची, म्हणजे ज्वालामुखीतल्या सच्छिद्र दगडाची, पूड घासून किंचित खरखरीत करत.

रेखाटन त्या मानाने सोपे. खाली ठेवलेले चित्र वर दिसते, ते गिरवायचे.

खरी कसोटी रंगाची. डिंकात कालवलेला पाणरंग घेऊन चेहरा ठिपक्याठिपक्यांनी भरायचा. वस्त्रे आणि दागिने दाट रंगात, पण गालांवर रंगाचा केवळ आभास. तिथे हस्तिदंतच त्वचा होतो. कागद रंग पितो, हस्तिदंत पीत नाही. ओला कुंचला त्याच जागी पुन्हा फिरला की खालचा थर उचलला जातो.

हीच गोष्ट आपण घरी विसरतो. आजीच्या पेटीत असे चित्र सापडले की धूळ पुसायला आपण ओले फडके घेतो, आणि नाक-डोळे फडक्यावर येतात. चित्रावरची काच उघडूच नका.

दुसरा शत्रू आपला पावसाळा. दमट हवेत हस्तिदंत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. मागे पुठ्ठा चिकटवलेला असेल तर ताण येऊन हस्तिदंत वाकतो, कधी उभा तडकतो. ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नका. उन्हातही नको, गालांची लाली आधी उडते.

विकण्याचा विचार मात्र करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, आणि हत्तींसाठी ती हवीच. आपल्याकडच्या वस्तूबद्दल वन विभागाला विचारा. चित्र तडकले असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे, तिथे सल्ला घ्या. डिंक किंवा फेविकॉल लावून ते घरी जोडू नका.