निर्धन रुग्ण निधीचा हिशोब आणि संगणक प्रणाली

संगणक विभागाचे काम कोणाच्या नजरेस पडत नाही. म्हणून त्यातील एका बाबीची माहिती देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या योजनेनुसार १ सप्टेंबर २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. शिवाय या दोन्ही गटांची देयके वगळून उरलेल्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. बारामती व इंदापूर तालुक्यांतून जळोचीस येणाऱ्या गरीब कुटुंबांचा खर्च याच निधीतून भागतो. तेव्हा ‘वगळून’ या शब्दाचा अर्थ संगणकास नेमका कळणे अगत्याचे आहे.

डेटाबेसमध्ये रुग्ण एका तक्त्यात, उत्पन्नाचा दाखला दुसऱ्यात, देयक तिसऱ्यात असते. ते जोडून उत्तर काढण्यासाठी एसक्यूएल भाषेत प्रश्न लिहावे लागतात. नोंदणी, देयक व लेखा विभागांसाठी तोच प्रश्न वेगवेगळा लिहिला, तर एखाद्या ठिकाणी वगळण्याची अट सुटते आणि बेरजा जुळत नाहीत.

ओआरएम नावाची लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा संच, येथे उपयोगी पडते. रुग्ण, दाखला व देयक यांचे परस्परसंबंध आणि वगळण्याची अट तिच्यात एकदाच नोंदवायची. पुढे प्रोग्रामरने ‘या रुग्णाची देयके’ एवढेच मागितले की एसक्यूएल ती स्वतः तयार करते. आम्हा वाणिज्य शाखेच्या मंडळींच्या भाषेत, आपण खतावणीचे पान मागावे आणि रोजकीर्द मुनीमजींनी चाळावी! ‘हायबरनेट’ ही अशीच एक लायब्ररी २००१ मध्ये सुरू झाली. ‘ओपनएमआरएस’ ही मुक्त वैद्यकीय नोंद प्रणाली तिच्यावर चालते. छत्तीसगडमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात याच प्रणालीच्या आधारे काम उभे राहिले.

मात्र मुनीमजींवर लक्ष ठेवावेच लागते. १०० रुग्णांची यादी मागवून प्रत्येकाची देयके स्वतंत्रपणे पाहिली, तर डेटाबेसला १ ऐवजी १०१ प्रश्न जातात आणि खिडकीपुढची रांग लांबते. अशा ठिकाणी देयके यादीसोबतच एकदम मागवावी लागतात. धर्मादाय आयुक्त कार्यालयास जाणाऱ्या विवरणाचा प्रश्न तर आम्ही थेट एसक्यूएलमध्येच लिहून घेतो आणि त्याची बेरीज लेखा विभागाच्या वहीशी ताडून पाहतो.