भाषण लिहायचं, मग खोडायचं!

आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींचा एक लाडका समज आहे. भाषण म्हटलं की ते आर्ट्‌सवाल्यांचं काम. आपलं काम म्हणजे असाइनमेंट, सबमिशन आणि व्हायवा. पण मित्र-मैत्रिणींनो, जरा मोजून बघा. सेमिनार असतो, प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन असतं, कॅम्पसला ग्रुप डिस्कशन असतं, गॅदरिंगचं सूत्रसंचालन असतं, आणि सेंडऑफला 'दोन शब्द बोल' म्हणून कुणालाही उभं करतात. चार वर्षांत प्रत्येकाच्या वाट्याला भाषण येतंच.

दुसरा समज त्याहून पक्का आहे. चांगला वक्ता जन्मावाच लागतो. तो उठतो, माईक हातात घेतो आणि बोलत सुटतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे इलोक्यूशन म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं पाठ करून, हातवारे करून म्हणायचं. त्यामुळे भाषण स्वतः लिहायचं असतं, लिहून खोडायचं असतं, हे मला कॉलेजात आल्यावरच कळलं. मोठ्या भाषणांबद्दल वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, की आपण ज्याला 'उत्स्फूर्त' म्हणतो त्याच्या मागे बरीच खाडाखोड असते.

अब्राहम लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण घ्या. १९ नोव्हेंबर १८६३. त्या दिवशीचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले. त्यानंतर लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटं बोलला. साधारण २७० शब्द! रेल्वेत बसून पाकिटाच्या पाठीवर खरडलं वगैरे गोष्ट सांगतात, ती दंतकथा. त्याच्या हस्ताक्षरातल्या पाच प्रती आजही आहेत आणि त्यांत थोडाथोडा फरक आहे. म्हणजे भाषण झाल्यावरसुद्धा तो शब्द तासत होता.

रूझवेल्टची गोष्ट तर मला फारच आवडते. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. त्याच दिवशी त्याने सेक्रेटरीला भाषण डिक्टेट केलं, टाइप झालेला कागद घेतला आणि पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या. ही तारीख 'जगाच्या इतिहासात' राहील, असं पहिल्या वाक्यात होतं. त्याने ते शब्द खोडले आणि 'कलंक' या अर्थाचा एकच शब्द लिहिला. फरक बघा. इतिहासात तर कुठलीही तारीख राहते. कलंक म्हटलं की बोलणाऱ्याने बाजू घेतली, ऐकणाऱ्यालाही घ्यायला लावली. रात्रीतून हल्ल्यांच्या नव्या बातम्या आल्या तसतशी वाक्यं वाढवली, आणि दुसऱ्या दिवशी संसदेत भाषण झालं. हातात एक दिवस असतानाही त्या माणसाने खोडायला वेळ काढला.

आता आपल्या हॉस्टेलकडे येऊ.

गेल्या सेमिस्टरला आमच्या लेडीज हॉस्टेलच्या मीटिंगमध्ये माझ्या रूम पार्टनरला बोलायचं होतं. विषय साधा. कॉलेजचा रीडिंग हॉल रात्री अकरापर्यंत उघडा, पण आमचं गेट नऊला बंद. एका खोलीत चौघी. एकीला पहाटे उठून वाचायचं, दुसरीला रात्री जागून. लाइट लावला तर भांडण, बंद केला तर केटी! खाली मेसचा हॉल साडेनऊनंतर कुलूप लावून रिकामा पडलेला. तो पीएलमध्ये रात्री दहा ते एक अभ्यासिका म्हणून उघडा मिळावा, एवढीच मागणी. तिच्यासाठी हा नुसता सोयीचा प्रश्न नव्हता. एम-थ्री राहिलेला, स्कॉलरशिप त्यावर अडकलेली, आणि घरी परत बोलावतील ही धास्ती. रेक्टर मॅडमनी प्रत्येकीला चार मिनिटं दिली होती.

तिने पहिला खर्डा मला दाखवला. मराठी मीडियमची मुलगी, हात लिहिता. तीन पानं सुंदर अक्षरात. 'सन्माननीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजन' पासून सुरुवात, मग स्त्रीशिक्षण, सावित्रीबाई, कल्पना चावला, आणि मेसच्या हॉलचं नाव तिसऱ्या पानावर! कच्चा खर्डा असाच असायचा, मनात आहे ते सगळं त्यात येऊ द्यावं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. ते आम्ही चार फेऱ्यांत केलं. प्रत्येक फेरीत एकच गोष्ट बघायची. सर्किट डीबग करताना आपण एका वेळी एकच स्टेज तपासतो ना, तसंच.

पहिली फेरी मुद्द्याची. मी तिला विचारलं, "मॅडम बाहेर पडल्यावर कुणी विचारलं, ती मुलगी काय म्हणाली, तर त्यांनी एका वाक्यात काय सांगायला हवं?" ती पटकन म्हणाली, "मेसचा हॉल पीएलमध्ये एकपर्यंत उघडा हवा." झालं! ते वाक्य कागदावर सगळ्यात वर लिहिलं. मग प्रत्येक परिच्छेदाला विचारायचं, तू या वाक्याच्या कामाला येतोस का? कल्पना चावला गेल्या, सावित्रीबाईसुद्धा गेल्या. आदर आहे म्हणून भाषणात जागा द्यावी लागत नाही. तीन पानांचं सव्वा पान झालं.

दुसरी फेरी समोरच्याच्या शंकांची. इथे मला डॉ. आंबेडकरांचं भाषण आठवलं, घटना समितीतलं, २५ नोव्हेंबर १९४९ चं. सगळ्यांनी एकदा तरी मुळातून वाचावं. सुरुवातीलाच आकडा आहे, समिती पहिल्यांदा भरली त्याला दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस झाले. टीका अशी होती, की समितीने फार वेळ लावला. बाबासाहेब चिडत नाहीत. ते आकडे मांडतात. अमेरिकेची घटना चार महिन्यांत झाली खरी, पण तिच्यात सात कलमं; आपल्याकडे ३९५. शिवाय ७६३५ च्या आसपास दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आक्षेप असा फिटल्यावर मग शेवटाकडे ते तीनच गोष्टी बजावतात: मागण्यांसाठी घटनात्मक मार्गच धरा, कुणाही थोर माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका, आणि नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान न मानता सामाजिक लोकशाही आणा. आधी समोरच्याची शंका, मग आपलं म्हणणं. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मॅडमच्या मनात काय येईल, ते आम्ही लिहून काढलं. एक, लाइट बिल. दोन, किल्ली कोण सांभाळणार. तीन, सकाळी मेसच्या मावशींना हॉल घाण मिळाला तर? मग हिशेब केला. २० वॉटच्या १२ ट्यूब, ७५ वॉटचे ६ पंखे, मिळून ६९० वॉट. रोज तीन तास, २० दिवस, म्हणजे सुमारे ४१ युनिट. किल्लीसाठी रोज दोघींची पाळी आणि रजिस्टरवर सही. हॉल झाडून खुर्च्या लावायचं कामही त्याच दोघींचं. 'शिक्षण हा आमचा हक्क आहे' यापेक्षा '४१ युनिट' हे मॅडमना जास्त पटेल, असं तिचंच मत पडलं. अर्थात हक्क आहेच, पण मॅडमना नकार द्यायला कारण उरू नये, हे जास्त महत्त्वाचं.

तिसरी फेरी कानाची, आणि ही सगळ्यात जास्त लोक गाळतात. वाचणारा पान उलटून मागे जाऊ शकतो, ऐकणाऱ्याला रिवाइंड नाही. म्हणून वाक्य एका दमात संपलं पाहिजे. दार लावा आणि मोठ्याने वाचा. जिथे दम तुटतो तिथे वाक्य तोडा. जिथे जीभ अडते तो शब्द बदला. 'सदर सभागृह विद्यार्थिनींना अध्ययनार्थ उपलब्ध करून देण्यात यावे' हे अर्जात ठीक आहे. तोंडाने म्हणून बघा! 'मॅडम, तो हॉल आम्हाला अभ्यासाला द्या' यात तेच आहे आणि ते ऐकू येतं. माझ्यासारख्या इंग्लिश मीडियमवाल्यांची अडचण उलटी असते. डोक्यात इंग्रजी वाक्य आधी येतं आणि त्याचं भाषांतर कागदावर उतरतं. त्यावर मला सापडलेला उपाय असा, की तो मुद्दा घरी आईला फोनवर कसा सांगाल तसा आधी बोला, मग तेच लिहा.

चौथी फेरी घड्याळाची. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दोन-तीनदा म्हणा. आमचा वेग मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास निघाला. चार मिनिटांना ४४० शब्द होतात, पण आम्ही ३६० वरच थांबलो. प्रत्यक्षात कुणी टाळ्या वाजवतं, कुणी खोकतं, माईक कुरकुरतो, आणि आपणही घाबरून एखादं वाक्य दोनदा म्हणतो. वेळ संपल्याची घंटा वाजली की माणूस नेमकी शेवटची मागणी घाईत गिळतो, आणि भाषण तर त्या मागणीसाठीच असतं!

सुरुवात आणि शेवट मात्र शेवटी लिहा. अख्खं भाषण हाताशी आल्यावरच कळतं, की आपण कुठून निघालो पाहिजे. तिची सुरुवात अशी झाली: "मॅडम, काल रात्री बारा वाजता आमच्या मजल्यावर सात मुली जिन्यात बसून वाचत होत्या." बस्स. व्यासपीठ नाही, वंदन नाही. शेवटही साधा: वीस दिवस द्या, तक्रार आली तर कुलूप लावा.

आता प्रश्न येतो, पाठ करायचं की वाचायचं? दोन्ही नको. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ असावं, मधले मुद्दे एका कार्डावर मोठ्या अक्षरात. बाकी तोंडात बसलेलं असतं, कारण इतक्या वेळा खोडलेलं असतं. मार्टिन ल्यूथर किंगचं २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनमधलं भाषण सगळ्यांना माहीत आहे. त्यातला तो स्वप्नाचा प्रसिद्ध भाग लिहून आणलेल्या कागदात नव्हता. शेजारी असलेल्या गायिका महेलिया जॅक्सन यांनी आवाज देऊन त्यांना स्वप्नाबद्दल सांगायला सुचवलं, आणि ते कागद सोडून बोलले. पण तोच भाग दोनच महिने आधी डेट्रॉइटच्या भाषणात ते बोलले होते. म्हणजे कागद सोडता आला, कारण तयारी आधीच झाली होती.

आमच्या मीटिंगचं काय झालं, ते वाचकांनी विचारायच्या आधीच सांगते. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, मावशींना विचारलंत का? विचारलं होतं. पंधरा दिवसांची परवानगी ट्रायल म्हणून मिळाली, वीस नाही! पंधरा दिवसांत तक्रार आली नाही, म्हणून उरलेले पाचही मिळाले. एम-थ्रीचा रिझल्ट हा लेख लिहीपर्यंत लागलेला नाही.

पुढच्या आठवड्यात कुणाचा सेमिनार असेल, कुणाला सीनिअर्सच्या सेंडऑफला बोलायचं असेल. आज रात्री जेवण झालं की एक कोरा कागद घ्या आणि ऐकणाऱ्याने घरी काय न्यावं ते एक वाक्य वर लिहा. खाली सुचेल ते सगळं लिहा. उद्या लाल पेन घ्या. परवा रूम पार्टनरला समोर बसवा, तिला किंवा त्याला चहा पाजा, आणि मोठ्याने वाचा. ऐकता ऐकता पार्टनर मोबाइल बघायला लागला, तर तो परिच्छेद खोडा!

— टी. ई., इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन