सरावात जमतं, मग खेळताना काय होतं?

तुमच्या घरात अमिरातीची २० दिरहमची नोट असेल, तर ती जरा काढून बघा. नोटेवर जहाजाच्या शिडांसारखी दिसणारी एक इमारत आहे आणि मागच्या बाजूला खरंखुरं शिडाचं गलबत आहे. ती इमारत म्हणजे दुबई क्रीक गोल्फ अँड यॉट क्लब. तो दुबईच्या देरा भागात, खाडीच्या अगदी काठावर आहे. १९९३ साली तो सुरू झाला. १९९९ आणि २००० या दोन वर्षी दुबई डेझर्ट क्लासिक ही मोठी स्पर्धा इथेच झाली होती.

मी देरातच राहते. पण मला गोल्फ येत नाही, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी आम्ही गावी विटीदांडू खेळायचो. काठीने एखादी वस्तू लांब उडवायचा माझा अनुभव तेवढाच!

माझ्या ऑफिसमधला एक नाशिकचा सहकारी मात्र गोल्फवेडा आहे. ऑफिस सुटलं की तो रेंजवर जातो. रेंज म्हणजे गोल्फच्या सरावाचं मैदान. तिथे एका ओळीत चटया अंथरलेल्या असतात. तुम्ही चटईवर उभं राहायचं, शेजारच्या टोपलीतून चेंडू घ्यायचा, समोर मारायचा, की लगेच दुसरा घ्यायचा. चेंडू शोधायलाही जावं लागत नाही.

एक दिवस तो वैतागून मला म्हणाला, "अगं, रेंजवर मी इतकं भारी मारतो, पण कोर्सवर गेलो की सगळं बिघडतं. मी घाबरतो बहुतेक."

कोर्स म्हणजे खेळायचं खरं मैदान. तिथे १८ होल असतात, म्हणजे चेंडू एकामागून एक १८ खड्ड्यांत घालायचा असतो, तोही कमीत कमी फटक्यांत. मध्ये गवत असतं, वाळूचे खड्डे असतात, पाणी असतं. देराच्या क्लबात तर शेजारी खाडीच आहे!

मी म्हटलं, "घाबरतोस की नाही ते नंतर बघू. आधी तू रेंजवर खरंच भारी मारतोस का, ते मोजू या."

मग एका संध्याकाळी मी वही-पेन घेऊन त्याच्यामागे जाऊन बसले. समोर दोन झेंडे होते. या दोन झेंड्यांच्या मधून गेला तरच चेंडू चांगला, असं आम्ही आधीच ठरवलं. आधी ठरवणं महत्त्वाचं आहे हं, नाहीतर जिकडे चेंडू जाईल तिकडेच आपल्याला मारायचं होतं, असं माणसाला वाटायला लागतं. त्याने एकाच क्लबने ३० चेंडू मारले. (ज्या काठीने चेंडू मारतात, तिलाही क्लबच म्हणतात.) शेवटी मी विचारलं, "किती चांगले गेले?" तो म्हणाला, "वीस-बावीस तरी."

वहीत ११ खुणा होत्या.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला चांगले फटके आठवत होते आणि वाईट फटके तो विसरला होता, कारण रेंजवर वाईट फटक्याचं काहीच होत नाही. पुढचा चेंडू तयारच असतो. कोर्सवर मात्र प्रत्येक फटका कार्डावर लिहावा लागतो. म्हणजे पहिलं उत्तर असं, की तो रेंजवर त्याला वाटत होतं तितकं चांगलं मारतच नव्हता. हे सांगितल्यावर तो थोडा नाराज झाला. मग त्याने मला कॉफी पाजली आणि आम्ही वहीतल्या खुणा पुन्हा एकदा बघितल्या.

त्या खुणांत एक गंमत होती. पहिल्या दहा चेंडूंत चांगले फक्त दोन होते, आणि पहिलाच चेंडू तर शेजारच्या झेंड्याकडे गेला होता. शेवटच्या दहांत सहा चांगले होते. म्हणजे मारता मारता त्याचा हात बसत होता. चेंडू उजवीकडे गेला, की पुढच्या वेळी तो थोडं बदलायचा. वीस चेंडूंनंतर तो जे करत होता, ते आधीच्या फटक्याची जवळजवळ नक्कल होती.

आता कोर्सवर काय होतं ते बघा. पहिला फटका एका क्लबने. मग चालत जायचं, बाकीचे खेळतात तोवर थांबायचं. दुसरा फटका दुसऱ्या क्लबने. तिसरा अगदी हलका, तिसऱ्याच क्लबने. खेळाडूच्या पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. पहिला क्लब पुन्हा हातात येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, आणि तोपर्यंत बसलेला हात गेलेला असतो. थोडक्यात, कोर्सवर तुम्हाला एकविसावा चेंडू कधीच मिळत नाही. तिथे प्रत्येक चेंडू पहिलाच असतो.

शिवाय रेंजवरची चटई सपाट असते आणि ती तुमच्या चुका लपवते. क्लब चेंडूच्या थोडा आधी जमिनीला लागला, तरी चटईवरून तो पुढे घसरतो आणि चेंडू उडतो. गवतावर तोच क्लब मातीत रुततो आणि चेंडू अर्ध्या वाटेत पडतो. कोर्सवर चेंडू चढावर असेल, उतारावर असेल, लांब गवतात असेल. जिथे पडला तिथूनच मारायचा. आमच्या विटीदांडूतही असंच होतं. विटी दगडांत पडली तर दगडांतूनच पुढचा टोला! तक्रार केली तर सगळे हसायचे.

शास्त्रज्ञांनीही या गोष्टीचा अभ्यास केला आहे. १९७८ साली केर आणि बूथ या दोन संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांना जमिनीवरच्या खुणेवर छोट्या पिशव्या फेकायला दिल्या. काही मुलांनी नेहमी ३ फुटांवरून सराव केला. काहींनी कधी २ फुटांवरून केला, तर कधी ४ फुटांवरून. ३ फुटांवरून एकदाही नाही. बारा आठवड्यांनी सगळ्यांची परीक्षा घेतली, ती ३ फुटांवरून. कोण जिंकलं असेल? ज्यांनी ३ फुटांवरून कधीच फेकलं नव्हतं, ती मुलं!

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलंच नाही. ज्या गोष्टीची परीक्षा, तिचाच सराव केलेली मुलं हरली कशी? पण विचार करा. एकाच ठिकाणाहून शंभर वेळा फेकणारा मुलगा एक हालचाल शिकतो. दोन ठिकाणांहून फेकणाऱ्याला प्रत्येक वेळी अंदाज करावा लागतो, की आता किती जोर लावू? तो अंदाज करायला शिकतो, आणि अंदाज कुठल्याही अंतरावर उपयोगी पडतो.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या झटपट हालचालींवर एक प्रयोग केला. एका गटाने एक हालचाल पूर्ण घोटून मग दुसरी घेतली. दुसऱ्या गटाने सगळ्या हालचाली मिसळून केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी मात्र दुसऱ्या गटाला जास्त चांगलं आठवत होतं. मिसळून केलेला सराव करताना वाईट वाटतो, आपण सारखे चुकतोय असं वाटतं, आणि म्हणूनच बहुतेक लोक तो सोडून देतात. माझ्या मते खरी अडचण ही आहे.

आता माझ्या सहकाऱ्याच्या भीतीकडे येऊ. ती काही खोटी नव्हती. सायन बायलॉक या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फ खेळणाऱ्यांवर प्रयोग केले. त्यांना असं दिसलं, की चांगल्या खेळाडूला फटका मारताना स्वतःच्या हातांच्या हालचालीकडे बारकाईने लक्ष द्यायला सांगितलं, तर त्याचा खेळ बिघडतो. नवशिक्यांचं मात्र तसं होत नाही, त्यांना लक्ष दिल्याचा फायदाच होतो. तुम्ही जिना भरभर उतरताना मध्येच विचार करा, आता डावा पाय की उजवा? लगेच अडखळाल. (रेलिंग धरून करा!) भीती वाटली, की माणूस नेमकं हेच करतो. जे हात आपोआप करत होते, ते तो डोक्याने करायला जातो.

मग यावर उपाय काय? मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे एक सोपा उपाय होता. छोटा सचिन तेंडुलकर नेटमध्ये फलंदाजी करायचा, तेव्हा सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो गोलंदाज सचिनला बाद करेल, त्याला नाणं. शेवटपर्यंत बाद झाला नाही, तर नाणं सचिनला. अशी १३ नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. एक रुपयाने काय होतं? पण त्या एका रुपयामुळे सरावातली चूक फुकट राहत नाही. शिवाय सर त्याला स्कूटरवर बसवून एका सामन्यातून दुसऱ्या सामन्याला न्यायचे. खेळपट्टी वेगळी, गोलंदाज वेगळे, आणि पहिला चेंडू पुन्हा पहिलाच.

मोठा झाल्यावरही सचिनने हे सोडलं नाही. १९९८ च्या चेन्नई कसोटीत समोर शेन वॉर्न येणार होता. लेग स्टंपच्या बाहेर खेळपट्टी खराब झाली, की वॉर्न तिथे टप्पा टाकून चेंडू खूप वळवायचा. म्हणून सचिनने सरावाच्या खेळपट्टीवर तेवढीच जागा मुद्दाम खडबडीत करून घेतली आणि लक्ष्मण शिवरामकृष्णन यांना तिथे चेंडू टाकायला सांगितलं. एवढं करूनही पहिल्या डावात वॉर्नने त्याला ४ धावांवर बाद केलं! दुसऱ्या डावात त्याने नाबाद १५५ धावा केल्या आणि भारत जिंकला.

माझं काम सॉफ्टवेअरचं आहे. आमच्याकडे एक वाक्य रोज ऐकू येतं, "माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं!" ते माझ्या सहकाऱ्याच्या तक्रारीचंच भावंड आहे. पण मला स्वतःला हे सगळं कळलं ते त्याच्याही आधी, आणि जरा वाईट पद्धतीने. मी मराठी माध्यमात शिकले. दहावीला इंग्रजीत मला चांगले मार्क होते. रिकाम्या जागा भरा, काळ बदला, हे सगळं मी चटाचट करायचे. मग पुण्यात इंजिनिअरिंगला गेले. पहिल्याच तोंडी परीक्षेत सरांनी इंग्रजीत नाव, गाव आणि एक सोपा प्रश्न विचारला. मला उत्तर येत होतं. तोंडातून एक शब्द निघाला नाही. वसतिगृहात येऊन मी खूप रडले, आणि मला वाटलं, आपण मुळात हुशार नाहीच. आता वाटतं, मी फक्त चटईवर खेळले होते.

तुमच्यापैकी काही जण मला वर्गात म्हणतात, "ताई, वहीत सगळं बरोबर येतं, पण आजीचा फोन आला की मी गप्प होतो." म्हणूनच मी हा धडा लिहायला घेतला.

आपल्या वहीत असा स्वाध्याय असतो: मी पोळी खाल्ली. मी भाजी खाल्ली. मी भाकरी __. तिसऱ्या वाक्याला तुम्ही विचारच करत नाही, हात आपोआप "खाल्ली" लिहितो. हा झाला एकविसावा चेंडू. मग रविवारी आजी विचारते, "काय रे, काय खाल्लंस आज?" आणि तुम्हाला एकदम वरण-भात आठवतो. वरण-भात खाल्ला की खाल्ली? शिवाय आजी वाट बघतेय, शेजारी आई ऐकतेय. तुम्ही "मम्मीशी बोल" म्हणून फोन देऊन टाकता.

माझा सहकारी आता रेंजवर वेगळा खेळतो. प्रत्येक चेंडूला क्लब बदलतो, झेंडा बदलतो. मारायच्या आधी दोन पावलं मागे जाऊन उभा राहतो, जसा कोर्सवर राहतो तसा. मनात देराच्या कोर्सवरचा पहिला होल धरतो, मग दुसरा. टोपली संपायला आता दुप्पट वेळ लागतो. परवा तो कुरकुरत होता, "रेंजवर आता मजाच येत नाही, फार चुकतं." कार्डावरचे फटके थोडे कमी झालेत, पण ते तो हळू आवाजात सांगतो.

या धड्यानंतर भूतकाळाची दहा वाक्यं आहेत. ती वरून खाली सलग सोडवू नका. दहा चिठ्ठ्या करा, डब्यात टाका आणि रोज फक्त दोन काढा. चिठ्ठीवरचं वाक्य लिहायचं नाही, मोठ्याने म्हणायचं, तेही कुणासमोर तरी. घरी एखादं नाणं असेल, तर तेही समोर ठेवा. तुमची चूक पकडेल त्याला ते द्यायचं. आणि येत्या रविवारी फोन वाजला, की आईच्या आधी तुम्ही उचला.