हक्क, पोहोच आणि मेंढ्याचा बांबू

गैरसमज : कायद्याने हक्क दिला की लोकांना साधन मिळालं.

वस्तुस्थिती : गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २००६ च्या या कायद्याने बांबू गौण वनउपजात घातला होता, म्हणजे तोडायचा-विकायचा अधिकार ग्रामसभेचा. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू अजून ‘वृक्ष’च होता आणि वाहतूक परवाने वनखात्याच्या ताब्यात. परवान्यावाचून माल हलणार नाही, तर व्यापारी तो घेईल कशाला? २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवानापुस्तक ग्रामसभेकडे सोपवलं, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. मधल्या काळात कुणी सर्वेक्षणात ‘जंगलावर हक्क आहे का?’ एवढंच विचारलं असतं, तर ‘हो’ची नोंद झाली असती आणि बांबूची कोंडी कागदावर आलीच नसती.

जेसी रिबॉट आणि नॅन्सी पेलुसो या अभ्यासकांनी २००३ मध्ये हाच भेद नेमका मांडला : मालमत्ता म्हणजे लाभ घेण्याचा हक्क, पोहोच म्हणजे लाभ घेता येण्याची क्षमता. बाजार, भांडवल, ओळखीपाळखी, अधिकाऱ्याची सही हे सगळं त्या क्षमतेत येतं.

गैरसमज : ‘पोहोच’ म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊकच असतं, व्याख्या प्रबंधाच्या शोभेपुरती.

वस्तुस्थिती : श्लेगर आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासकांच्या १९९२ च्या मांडणीत पोहोच म्हणजे फक्त आत शिरण्याचा हक्क; मासे धरणं, लाकूड काढणं हा हक्क वेगळा. ही व्याख्या आणि रिबॉट-पेलुसो यांची व्याख्या न सांगता एकत्र केली, तर दोन अभ्यासांची तुलना फसवी ठरते. मला हा दोष आकडेमोडीतल्या चुकीपेक्षा गंभीर वाटतो, कारण तो तपासणाऱ्यालाही सहसा दिसत नाही.

गैरसमज : सामाईक म्हणजे बेवारस.

वस्तुस्थिती : गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या लेखाने हा घोळ पसरवला. त्यांनी उदाहरण म्हणून घेतलेलं सामाईक कुरण मुळात बिननियमांचं होतं, हे पुढे त्यांनीही मान्य केलं.

गैरसमज : गावात हातपंप आहे, म्हणजे पाण्याचा प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मोजणीत सुधारित स्रोतावर जाणं, रांगेत थांबणं आणि परतणं मिळून ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर ती सेवा ‘मर्यादित’ ठरते. रांगेचा वेळ धरायचा की नाही, हे व्याख्येतच ठरलेलं आहे. आणि ती रांग घरातलं कोण लावतं, हा प्रश्न प्रश्नावलीत स्वतंत्र घालावा लागतो.